एका ॲपांतून दुसऱ्या ॲपांत



गेल्या श्रावणांतली गोष्ट. रात्रीं साडेदहाचा सुमार होता. पत्नीला घेरी येत होती, आणि घरच्या रक्तदाब मोजण्याच्या यंत्रानें आंकड्यांऐवजीं एक अनोळखी खूण दाखविली. खोक्यावरील चौकोनी चिन्हावर मोबाईल धरला कीं कंपनीची मार्गदर्शक पुस्तिका फुकट वाचावयास मिळते, असें तेथें छापलें होतें. मीं मोबाईल धरला. पुस्तिका आली नाहीं. ॲप घेण्याची विनंति आली. तें घेतलें, तर नव्या मालाच्या जाहिरातींनीं भरलेलें पहिलें पान उघडलें. हवें तें पान शोधण्यांत वीस मिनिटें गेलीं. खूण एवढेंच सांगत होती कीं, दंडावरचा पट्टा सैल आहे! पुस्तिका उत्तम होती; तिच्याकडे जाणारी वाट मात्र सदोष होती. त्या वाटेविषयींच आज बोलावयाचें आहे.

मोबाईलमधील प्रत्येक ॲप म्हणजे एक बंद खोली. एकींतून दुसरींत जावयाचें तर दार फोननेंच उघडावें लागतें. जुनी रीत अशी कीं, ॲपानें फोनजवळ एक नांव नोंदवावें आणि त्या नांवानें हांक आली म्हणजे फोननें तें ॲप उघडावें. पैसे देण्याच्या यूपीआयमध्यें ही रीत आजही उपयोगी पडते; तेथें एकाच हांकेला अनेक ॲपांनीं ओ द्यावी, हाच हेतु असतो. परंतु पुस्तिकेला ती पुरत नाहीं. तेंच नांव दुसरें एखादें ॲपही लावूं शकतें. आणि ॲप फोनमध्यें नसेल तर हांक वाऱ्यावर जाते.

म्हणून २०१५ सालीं ॲपल व गूगल या दोघांनींही निराळी रीत आणिली. दुवा म्हणून संकेतस्थळाचाच साधा पत्ता द्यावयाचा. स्थळावरील एका लहान फाइलींत ‘अमुक ॲप माझें’ असें नमूद असतें. ॲपही ‘अमुक स्थळ माझें’ असें सांगतें. दोन्ही साक्षी जुळल्या म्हणजे तो पत्ता ॲपांत उघडतो. कोणत्या पत्त्यास कोणतें पान, हें मात्र ॲप करणारानें नीट बसविलें पाहिजे. ॲप नसेल तर तेंच पान ब्राउझरमध्यें दिसतें. वाचक विन्मुख परतत नाहीं.

एक उणीव उरते. ॲप नव्यानें घेतांना मूळ पानाचा पत्ता वाटेंत हरवूं शकतो. ती भरून काढणारी फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही गूगलची सेवा होती. ती २५ ऑगस्ट २०२५ रोजीं बंद झाली, आणि तिच्यावर विसंबलेले दुवे निकामी झाले. आतां छापून घरोघर गेलेला पत्ता परत कसा आणावा?

तेव्हां फुकट वाङ्मय देणाऱ्या कंपन्यांनीं तीन पथ्यें पाळावींत. छापलेला पत्ता स्वतःच्या मालकीचा असावा. तो पहिल्या पानावर न नेतां नेमक्या पानावर नेणारा असावा. आणि वाचावयास ॲप घेण्याची सक्ति नसावी. जें फुकट दिलें तें अडचणीच्या वेळीं हातीं आलें नाहीं, तर तें दिलें असें कसें म्हणावें?

आमच्या खोक्यावर मीं आतां शाईनें लिहून ठेविलें आहे: ‘ही खूण दिसल्यास पट्टा घट्ट करावा.’