घोरणं नव्हे, कण्हणं

मध्यरात्री शेजारी झोपलेला माणूस खोल श्वास घेतो आणि तो सोडताना एकसुरी कण्हत राहतो. पाच सेकंद, दहा, कधी अर्धं मिनिट. मग जरा फुरफुरतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. घरच्यांना वाटतं, पोटात दुखतंय किंवा वाईट स्वप्न पडलंय. हलवून उठवलं तर तोच विचारतो, ‘काय झालं?’

याचं नाव कॅटाथ्रेनिया. १९८३ साली बेल्जियमच्या संशोधकांनी त्याची नोंद केली. नाव मात्र आलं २००१ मध्ये, ‘खाली’ आणि ‘विलाप’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून. खरं तर विलाप करायची पाळी येते ती बाजूच्यावर. कण्हणारा बहुधा गाढ झोपेत असतो.

‘हे फार घोरतात,’ अशीच तक्रार घेऊन लोक डॉक्टरांकडे जातात. पण घोरणं होतं मुख्यतः श्वास आत घेताना, घशातले सैल भाग थरथरल्यामुळे. कण्हणं उमटतं श्वास सोडताना, अर्धवट मिटलेल्या स्वरतंतूंमधून. तेही बरेचदा स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे पहाटेकडे जास्त.

खरी गंमत स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतला श्वास आलेखावर नोंदणाऱ्या तपासणीत होते. श्वास इतका हळू सुटतो, की नाकाजवळची हवेची रेघ जवळजवळ सपाट होते आणि छातीची हालचालही मंदावते. असं दहा सेकंदांपेक्षा जास्त चाललं, की आलेख पाहणाऱ्याला वाटतं, हा सेंट्रल ॲप्निया, म्हणजे मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटलेला नाही. मग हृदय कमजोर आहे का, मेंदूला काही इजा झाली आहे का, याचा शोध सुरू होतो. आलेखात खुणा असतात, पण त्या शोधाव्या लागतात: सपाट रेघेच्या आधी एक मोठा श्वास असतो आणि रक्तातला ऑक्सिजन सहसा घसरत नाही. शंका फिटते ती मायक्रोफोनमुळे. इतक्या वायरी लावून शेवटी कानच लागतो!

तज्ज्ञांचाही गोंधळ झालाच. निद्राविकारांच्या २००५ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हे कण्हणं झोपेत चालण्याच्या पंगतीत होतं. २०१४ मध्ये ते श्वसनविकारांच्या प्रकरणात आलं. मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राने काहींचं कण्हणं कमी होतं, काहींचं नाही.

तपासणीला जाण्याआधी घरच्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ घ्यावा. त्यात आवाज तर हवाच, पण छातीही दिसायला हवी: आवाज येताना ती वर चढतेय की खाली बसतेय?