आंतरजालावरची अडत

वऱ्हाडाला बाजार नवा नाहीं. १८८६ सालीं कारंजा येथें कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं कायदा झाला. अडत किती, माप कोणाचें, तंटा कोणीं तोडावा, हे प्रश्न तेव्हांच सोडवावे लागले. आज बाळापुरांत बसून संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या तरुणापुढें तेच प्रश्न उभे आहेत. बाजार तेवढा आंतरजालावरचा आहे.

अपवर्क हा त्यांतला एक मोठा बाजार. २०१४ सालीं एकत्र झालेल्या ईलान्स व ओडेस्क या कंपन्यांना २०१५ सालीं हें नांव मिळालें. गिऱ्हाईक आपलें काम जाहीर करतें आणि कारागीर प्रस्ताव धाडतात. प्रस्तावासाठीं ‘कनेक्ट्स’ खर्चावे लागतात. ठरीव रकमेच्या कामांत गिऱ्हाइकानें टप्प्याचे पैसे आधीं अनामत ठेवावयाचे. काम पसंत पडल्यावर ते मोकळे होतात. अनामत जमा झाल्याचें पाहिल्यावांचून कामास हात घालूं नये. येथील अडत २०२३ सालीं सरसकट शेंकडा १० झाली. मे २०२५ पासून नव्या करारांना ती शून्यापासून १५ पर्यंत पडते. फायव्हरवर शेंकडा २० कापले जातात. दर सांगतांना ही वजावट आधींच धरावी.

नवख्याची खरी अडचण अशी कीं, गिऱ्हाइकांचे अभिप्राय नाहींत म्हणून काम नाहीं, आणि काम नाहीं म्हणून अभिप्राय नाहींत. त्यानें एकच मजकूर शंभर ठिकाणीं धाडूं नये. मोजकीं लहान कामें निवडावीं, गिऱ्हाइकाची अडचण आपणांस समजली हें पहिल्या दोन वाक्यांतच दाखवावें आणि स्वतः केलेला एखादा चालता नमुना सोबत जोडावा. दर मात्र मातीमोल करूं नये. स्वस्ताईची कीर्ति लवकर पुसत नाहीं. काम देण्यापूर्वीं जो कारागिराकडेच पैसे मागतो, तो ठग समजावा.

आतां मुख्य गोष्ट. कारंज्याच्या बाजाराचे नियम सरकारनें केले होते. हे बाजार आपले नियम आपणच करतात, आपणच बदलतात आणि खातेंहि बंद करूं शकतात. एका बाजारांत मिळविलेली पत दुसऱ्यांत चालत नाहीं. अपवर्कवर भेटलेल्या गिऱ्हाइकाशीं, शुल्क भरल्याविना, दोन वर्षें बाहेर व्यवहार करण्यास मनाई आहे. ही अट पाळावी. पण सारी भिस्त तेथेंच ठेवूं नये. अकोला आणि खामगांव येथील व्यापाऱ्यांनाहि हिशेबाच्या व मालसाठ्याच्या आज्ञावल्या लागतातच. दूरचें गिऱ्हाईक जोडतांना जवळच्या गिऱ्हाइकाचें दार ठोठावण्यास विसरूं नये, कारण तेथें मिळविलेला विश्वास कोणाच्या खातेवहींत अडकून राहत नाहीं.