सिकलसेलग्रस्त मुलाला अचानक धाप लागते तेव्हा...

समुद्रपूर : साधा सर्दी-पडसा झालेले मूल दोन दिवसांत खेळू लागते, हा बहुतेक घरांचा अनुभव. मात्र, ज्या घरात सिकलसेलग्रस्त मूल आहे, तेथे खोकल्याची पहिली उबळ आली की आई-वडिलांचा जीव टांगणीला लागतो. विदर्भात हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि वर्धा जिल्हाही त्यास अपवाद नाही. समुद्रपूर तालुक्यातील गिरड, मांडगाव यांसारख्या गावांतील पालकांपुढे अशा वेळी पहिला प्रश्न असतो तो सकाळपर्यंत थांबावे की आताच निघावे, हा.

थांबू नये, असेच त्याचे उत्तर आहे. ते का, हे समजून घेण्यासाठी या आजारात छातीमध्ये काय घडते ते पाहावे लागेल. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. फुफ्फुसात जंतुसंसर्ग झाला की रक्तातील प्राणवायू घटतो. तो घटला की आणखी पेशी वाकतात, त्या फुफ्फुसाच्याच वाहिन्या अडवतात आणि प्राणवायू आणखी खाली जातो. हे दुष्टचक्र काही तासांत मुलाला अत्यवस्थ करू शकते. डॉक्टर त्याला ‘ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम’ म्हणतात. त्यातच या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत असल्याने जंतूंशी लढण्याची ताकद मुळातच कमी असते.

फसगत होते ती येथेच. सुरुवातीला छातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. अमेरिकेतील ३० केंद्रांतील ६७१ प्रसंगांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्मे रुग्ण छातीच्या तक्रारीसाठी नव्हे, तर अन्य कारणाने, मुख्यतः अंगदुखीने, दाखल झाले होते. छातीचा त्रास त्यांना सरासरी अडीच दिवसांनी सुरू झाला. म्हणजे हातपाय दुखतात म्हणून रडणाऱ्या मुलाच्या श्वासाकडेही लक्ष हवे.

श्वास मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, पोटाची वर-खाली होणारी हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांच्या आतील बाळात ६०, वर्षाच्या आत ५० आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून अधिक श्वास हे धोक्याचे चिन्ह. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील कार्यकर्त्यांना हेच मोजमाप शिकवून बालकांचे न्यूमोनियाचे मृत्यू घटवून दाखविले. तो अहवाल १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. गावाकडे ज्याला ‘डब्बा’ म्हणतात, तो पुष्कळदा न्यूमोनियाच असतो. पोटाला डाग देण्यात गेलेली रात्र सिकलसेलच्या मुलाला परवडणारी नसते.

ताप १०१ अंशांच्या वर जाणे, छातीत दुखणे, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर दिसणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच रुग्णालय गाठावे. घरी ऑक्सिमीटर असल्यास मूल बरे असतानाचा आकडा लिहून ठेवावा. काही मुलांचा तो मुळातच थोडा कमी असतो. नेहमीपेक्षा घसरण किती, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.

जायचे कोठे, हे आजारपण येण्याआधीच ठरलेले असावे. समुद्रपूरला ग्रामीण व हिंगणघाटला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण रक्त बदलण्याची वेळ आली तर सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी किंवा नागपूरचे मेडिकल गाठावे लागते. सिकलसेल रुग्णांना एसटी प्रवासात सवलत आहे खरी, पण मध्यरात्री तिचा काय उपयोग? त्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाच कामाची. फोनवर ‘मुलाला खोकला आहे’ एवढेच न सांगता ‘सिकलसेल आहे आणि श्वास घेता येत नाही’ असे स्पष्ट सांगावे. सिकलसेल कार्ड, रक्तगट, आधी किती वेळा रक्त दिले, कोणती औषधे सुरू आहेत, याची फाईल एका पिशवीत तयार असावी. आई मुलाला घेऊन बसते आणि माहिती सांगायला शेजारी असतो, असे नेहमीच घडते.

रुग्णालयात प्राणवायू, प्रतिजैविके, वेदनाशामके आणि गरजेनुसार रक्त दिले जाते. सलाईनही मोजूनच लावतात. ते अधिक झाले तर फुफ्फुसात पाणी साचते. तीन चेंडूंच्या यंत्रातून खोल श्वास घेण्याचा व्यायाम मुलाकडून करून घेणे हे काम मात्र बहुधा पालकांकडेच येते. दुखते म्हणून मूल उथळ श्वास घेते आणि त्यामुळे फुफ्फुसाचा भाग मिटत जातो. ते टाळण्यासाठी जागेपणी दर दोन तासांनी दहा श्वास.

घरी परतल्यावर हायड्रॉक्सीयुरियाबाबत डॉक्टरांना अवश्य विचारावे. या गोळीने असे झटके लक्षणीय कमी होतात. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर नियमित लसीकरणात मोफत मिळते. पाच वर्षांखालील मुलांना पेनिसिलिनही चुकवू नये. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे धाकट्या भावंडांची रक्ततपासणी राहिली असेल तर ती याच फेरीत करून घ्यावी.