माझगावच्या गॅलरीत लॅव्हेंडर : रोप का जगते, का मरते?

जांभळ्या तुऱ्यांची आणि मंद सुवासाची लॅव्हेंडर ही वनस्पती साबण, अत्तर व सुगंधी तेलांमुळे आता घरोघरी परिचित झाली आहे. रोपवाटिकेतून हौसेने आणलेले तिचे रोप माझगावच्या गॅलरीत हिवाळाभर तजेलदार दिसते आणि पावसाळा लागताच काळे पडते. मग घरातील वडीलधारी मंडळी कुणाच्या ‘हाताला गुण नाही’ म्हणतात, तर कुठे पाळी आलेल्या मुलीने कुंडीला हात लावल्याचा दोष काढला जातो. आपल्या वस्त्यांतूनही हे बोल ऐकू येतात, म्हणूनच या रोपाच्या मृत्यूचे खरे कारण विस्ताराने सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

लॅव्हेंडर मूळची भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातील. तिथे डोंगरउतारावरची जमीन खडकाळ व चुनखडीची, उन्हाळा कोरडा आणि रात्री थंड. भारतात तिची यशस्वी शेती झाली ती जम्मूच्या डोडा जिल्ह्यातील भद्रवाह येथे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या जम्मू येथील संस्थेने ‘अरोमा मिशन’अंतर्गत रोपे व मार्गदर्शन दिले आणि मक्याच्या तुटपुंज्या उत्पन्नावर जगणारे शेतकरी या पिकाकडे वळले. तिथली थंडी आणि उताराची जमीन या झुडपाला मानवली.

माझगावची परिस्थिती नेमकी उलट आहे. मुंबईत वर्षाकाठी सुमारे २२०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बाकीच्या दिवसांतही गोदीकडून येणारी हवा दमट. कुंडीतील मातीत पाणी साचले की मुळांना प्राणवायू मिळत नाही, बुरशी वाढते आणि मुळे कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतही पाने कोमेजतात. आपण समजतो रोप तहानले आहे, आणि आणखी पाणी घालतो. बहुतेक रोपे अशीच दगावतात.

कारण कळले की उपाय सुचतो. रोप पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरअखेरीस लावावे. बी रुजायला अनेक आठवडे घेते, तेव्हा तयार रोप किंवा छाट कलमच बरे. दातेरी पानांची जात दमट हवा तुलनेने अधिक सोसते. इंग्लिश लॅव्हेंडर म्हणून विकल्या जाणाऱ्या जातीला फुलण्यासाठी थंडी लागते, त्यामुळे मुंबईत ती फुलेलच असे नाही, मात्र तिची पानेही सुगंधी असतात.

कुंडी मातीची, आठ-दहा इंचांची, तळाला मोठे छिद्र असलेली घ्यावी. एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग विटांचे बारीक तुकडे एकत्र करावेत. नारळाचा भुसा ओल धरून ठेवतो, तो टाळावा. कोकणातील तांबडी माती आम्लधर्मी असते, म्हणून तीत चिमूटभर चुना किंवा अंड्याच्या टरफलांची पूड मिसळावी. रोज किमान सहा तास ऊन हवे. वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच, सकाळी, पाने न भिजवता बुंध्याशी पाणी द्यावे. खत अगदी अल्प. फुले येऊन गेल्यावर शेंड्याकडचा एक तृतीयांश भाग छाटावा, पण खालच्या जून लाकडाला कात्री लावू नये. पावसाळ्यात कुंडी छपराखाली, वारा खेळेल अशा जागी ठेवावी. इतके करूनही रोप गेले, तर ते ऋतूपुरते होते असे समजून पुन्हा लावावे.

ज्यांची गॅलरी उन्हाला पारखी आहे त्यांनीही खंत करू नये. लॅव्हेंडर ही तुळस, सब्जा, पुदिना आणि मरवा यांच्याच कुळातील. ही भावंडे आपल्या हवेत सहज वाढतात. शिवाय लॅव्हेंडरच्या काही जाती आपल्या मातीतल्याच आहेत. दख्खनच्या माळावर दिसणारी घोडेघुई ही त्यांपैकी एक. सह्याद्रीतील दुसऱ्या एका जातीला दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांचे नाव दिलेले आहे.

आम्ही इतिहासाचे अध्यापक आहोत, म्हणून एक स्मरण करून देतो. १९२७ साली आपल्या माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा ते बाटले म्हणून शेण व गोमूत्र घालून त्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. स्पर्शाने पाणी बाटत नाही, हे ज्यांनी जगाला दाखवून दिले, त्यांच्या घरात मुलीच्या स्पर्शाने रोप जळते असे म्हटले जाऊ नये. रोप वाळले तर ते कुंडीतून उपटून मुळे पाहावीत. ती काळी आणि मऊ असतील, तर दोष पाण्याचा. ही तपासणी त्या मुलीकडूनच करून घ्यावी, आणि पुढचे रोपही तिच्याच हाताने लावावे.