दुबईत उतरल्यावर स्वस्तात सामान कुठे घ्यायचं? (तिथे एमआरपी नसते!)



प्रदर्शन बघायला किंवा माल ठरवायला पहिल्यांदाच दुबईला निघालेले दुकानदार मला हमखास विचारतात, "सर, बॅगेत काय काय भरू?" मी म्हणतो, आधी काय भरायचं नाही ते ठरवू. जाताना बॅग गच्च भरली, तर येताना सॅम्पल कशात आणणार? जादा किलोचे पैसे विमानतळावर द्यायला लागले, की सॅम्पल भलतंच महाग पडतं.

म्हणजे थोडं सामान इथून न्यायचं आणि बाकीचं तिथे घ्यायचं. पण तिथे नेमकं कुठे घ्यायचं, यावरच सगळा हिशेब आहे.

एकच बाटली, चार भाव

आपल्याला छापील किमतीची सवय असते. पाण्याची बाटली कुठल्याही दुकानात उचलली तरी भाव तोच, म्हणून आपण विचारतही नाही. दुबईत वस्तूवर एमआरपी छापलेली नसते. तीच बाटली विमानतळावर एका भावाला, हॉटेलच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये दुसऱ्या, गल्लीतल्या दुकानात तिसऱ्या आणि सुपरमार्केटमध्ये चौथ्या. यात फसवणूक नाही. जागेचं भाडं आणि गिऱ्हाईकाची अडचण हे दोन्ही त्या भावात धरलेलं असतं. रात्री अकराला तहान लागली आणि खोलीत पाणी नसलं, की फ्रिजवाली बाटली तुम्ही घेणारच.

म्हणून नियम एकच: गरज महागड्या जागी उभी राहू द्यायची नाही.

कुठे काय घ्यायचं

*विमानतळ:* इथे फक्त मेट्रोचं नोल कार्ड घ्या. टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रो स्टेशन आहे. साधं सिल्व्हर कार्ड २५ दिरहमला मिळतं, त्यात १९ दिरहमचा बॅलन्स असतो. मोबाइलचं रोमिंग पॅक किंवा ई-सिम इथूनच लावून जा. एक लक्षात ठेवा, तिथे व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात, पण कॉल सहसा लागत नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर उगाच काळजी करत बसतील.

*बकाला:* गल्लीबोळातल्या छोट्या किराणा दुकानाला तिथे बकाला म्हणतात. बऱ्याच ठिकाणी दुकानदार केरळचे असतात आणि हिंदी चालते. एखादी बाटली, ब्रेड, बिस्किटं यासाठी उत्तम. शेजारच्या कॅफेटेरियात 'करक' मिळतो, म्हणजे आपला कडक चहाच.

*सुपरमार्केट:* लुलू, कार्फूर वगैरे. पाण्याचा सहा बाटल्यांचा पॅक, दही, फळं, साबण, टूथपेस्ट इथे. शेल्फवरच्या भावात ५ टक्के व्हॅट धरलेला असतो, बिलात वरून काही लागत नाही.

*स्वस्त वस्तूंची दुकानं:* डेरा, बर दुबई, करामा या भागांत 'डे टू डे' सारखी दुकानं आहेत. शिवाय '१ ते १० दिरहम' अशा पाट्या लावलेलीही दिसतील. प्लगचा अडॅप्टर, चार्जिंग केबल, छत्री, चप्पल, कुलूप, येताना लागणारी जादा बॅग या गोष्टींसाठी मॉलमध्ये जायची गरज नाही.

*सूक, म्हणजे जुना बाजार:* इथे आणि मीना बाजारात घासाघीस चालते. पहिला भाव म्हणजे बोलणीची सुरुवात, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. खाडीच्या एका काठावर डेरा, दुसऱ्या काठावर बर दुबई. पलीकडे जायला 'अब्रा' नावाची लाकडी होडी आहे, तिचं साधं भाडं १ दिरहम. त्यामुळे दोन्हीकडचे भाव बघूनच घ्या.

शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी लहान दुकानं काही वेळ बंद असतात. त्या वेळी पोहोचणार असाल तर तसं धरून चाला.

इथूनच न्यायचं सामान

पहिल्या रात्रीचं किट हँडबॅगेत ठेवा: छोटी टूथपेस्ट, एक जोडी कपडे, थोडा कोरडा खाऊ, चार्जर आणि पॉवर बँक. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही.

आता चार्जरबद्दल. दुबईचं सॉकेट चौकोनी तीन पिनांचं, ब्रिटिश पद्धतीचं. आपला गोल पिनांचा प्लग त्यात बसत नाही. पेन खुपसून बसवायचे उद्योग करू नका. पहिल्या रात्री रिसेप्शनवर अडॅप्टर मागा, बऱ्याच हॉटेलांत तात्पुरता देतात. दुसऱ्या दिवशी स्वतःचा घ्या.

वापरून पायात बसलेले बूट इथूनच. प्रदर्शनात दिवसभर चालायचं असतं, नवीन बूट दुपारपर्यंत पाय सोलून काढतात.

औषधंही इथूनच, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणि मूळ पाकिटात. इथे सर्रास लिहून दिली जाणारी काही औषधं, उदाहरणार्थ ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली, तिथे नियंत्रित आहेत. ती परवानगीशिवाय नेता येत नाहीत. निघण्याआधी तिथल्या आरोग्य खात्याच्या वेबसाइटवर नाव तपासा.

आणि हे अजिबात न्यायचं नाही: खसखस. यूएईत खसखशीवर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. आपल्या घरी ती कुठे कुठे असते बघा: अनारशांवर, करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात, काही मसाल्यांत. आईने प्रेमाने डबा दिला तरी आधी विचारा, "यात खसखस आहे का?" दिवाळीनंतर जाणाऱ्यांनी तर नक्कीच. इथे प्रश्न पैशांचा राहत नाही, चौकशी आणि अटकेपर्यंत जाऊ शकतो.

पैसे देताना

कार्ड स्वाइप केल्यावर मशीन विचारतं, दिरहममध्ये की रुपयांमध्ये? दिरहमच निवडा. रुपये निवडले की दर मशीनवाल्याचा लागतो आणि तो बहुतेक वेळा महाग पडतो. आपल्या बँकेचा परदेशी व्यवहारावरचा चार्ज किती आहे, हेही निघण्याआधी विचारून घ्या. काही दुकानांत यूपीआय चालतं, पण त्यावर विसंबून राहू नका. बकाला, अब्रा आणि चहासाठी सुटे दिरहम जवळ असू द्या.

भेटवस्तू घेणार असाल तर शक्यतो एकाच दुकानात, एकाच बिलावर घ्या. योजनेत असलेल्या दुकानात किमान २५० दिरहमच्या बिलावर पर्यटकाला व्हॅटचा परतावा मागता येतो. बिल करतानाच पासपोर्ट दाखवायचा. परताव्यातून फी कापली जाते आणि खाऊन-वापरून संपवलेल्या वस्तूंवर तो मिळत नाही.

स्वस्ताच्या मागे किती धावायचं?

थोडं गणित करू. समजा हॉटेलऐवजी बाहेरून पाणी, नाश्ता, किरकोळ सामान घेतल्याने माणशी रोज ४० दिरहम वाचले. दोन माणसं, चार दिवस: ४० × २ × ४ = ३२० दिरहम. हिशेबाला दिरहम २५ रुपये धरा, तर ८,००० रुपये. ही रक्कम सॅम्पलकडे वळवता येते.

आता उलटं बघा. मॉलपेक्षा १० दिरहम स्वस्त अडॅप्टर घ्यायला तुम्ही ३० दिरहमची टॅक्सी केली आणि दीड तास घालवला. २० दिरहम खिशातून गेले. शिवाय त्या दीड तासात प्रदर्शनात ज्या सप्लायरला भेटायचं होतं, तो दुसऱ्याशी बोलून मोकळा झाला. मालाचा हिशेब करताना आपण भाडं-हमाली धरून वस्तू किती रुपयांना पडली ते बघतो. इथेही तेच. वस्तूची किंमत अधिक जाण्या-येण्याचा खर्च अधिक तुमचा वेळ.

म्हणून सामानाची खरेदी एकदाच करा. खोलीपासून चालत जाता येईल असं सुपरमार्केट मॅपवर घरूनच शोधून ठेवा. पहिल्या सकाळी अर्ध्या तासात पूर्ण मुक्कामाचं सामान आणा आणि विषय संपवा. हॉटेल बुक करतानाही हे बघा. प्रदर्शनाच्या दाराशी असलेल्या हॉटेलपेक्षा मेट्रो स्टेशन आणि सुपरमार्केट दोन्ही जवळ असलेलं हॉटेल अनेकदा परवडतं.

यातून आपल्या दुकानासाठी काय?

तिथे तुम्ही गिऱ्हाईक असता, तेव्हा मुद्दाम बघा: कुठली वस्तू अडचणीत घेतली जाते आणि ती नेमकी कुठे मांडलेली असते? अडॅप्टर काउंटरजवळ का, पाणी आत खोलवर का? आपल्याकडे एमआरपीच्या वर जाता येत नाही. त्यामुळे कमाई भाव वाढवून होत नाही, योग्य वस्तू योग्य जागी आणि योग्य वेळी ठेवून होते.

आजचा गृहपाठ: एका कागदावर तीन रकाने करा: 'इथून नेणार', 'तिथे घेणार', 'नेणारच नाही'. प्रत्येक वस्तू एका रकान्यात टाका. मधल्या रकान्यातल्या प्रत्येक वस्तूपुढे दुकानाचा प्रकार लिहा. मगच बॅग काढा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!