थर्मोकोलची पेटी थंडावा कसा राखते

तळेगांव दाभाडे येथील महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या फ्लोरिकल्चर पार्कामुळें हरितगृहांतील गुलाब मावळांत परिचित झाला. फूल नाजूक व बाजारपेठ दूर, म्हणून कित्येक बागाइतदार थर्मोकोलच्या पेटीवर भिस्त ठेवितात. परंतु ती पेटी आपण होऊन माल थंड करिते, असा समज आमच्या पाहण्यांत वारंवार येतो. तो नुकसानकारक आहे.

थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन नांवाचें प्लॅस्टिकच. त्याचे मूळ दाणे राजगिऱ्याएवढे व घट्ट असून त्यांत पेंटेन हें द्रव्य जिरविलेलें असतें. तें 36 अंश सेंटिग्रेडला उकळतें. दाण्यांस वाफ दिली म्हणजे प्लॅस्टिक मऊ पडतें, पेंटेनचा वायु होतो आणि दाणा मूळच्या चाळीस पटींपर्यंत फुगतो. ज्वारीची लाही अशीच होते. तिच्यांत हें काम दाण्यांतील पाण्याची वाफ करिते. मात्र लाही फुटते, हा दाणा फुटत नाहीं. त्याच्या पोटांत असंख्य सूक्ष्म कोश होतात आणि निवतांच त्यांच्या भिंती ताठ होतात. फुगलेले दाणे कांहीं तास तसेच ठेवितात. तेवढ्यांत कोशांत बाहेरील हवा शिरते. मग सांच्यांत भरून पुनः वाफ दिली कीं दाणे एकमेकांस चिकटतात. पेटीचा तुकडा मोडून पाहावा, त्यांच्या कडा स्पष्ट दिसतात.

चपलेच्या हलक्या तळव्यांची रीत निराळी. त्यांत ॲझोडायकार्बोनामाइडची पूड मिसळतात; सुमारें 200 अंशांवर तिचें विघटन होऊन मुख्यत्वें नायट्रोजन सुटतो. भज्यांच्या पिठांत सोडा घालण्यासारखाच हा प्रकार. येथें वेळ साधावी लागते: प्लॅस्टिक फार पातळ असतांना वायु सुटला तर बुडबुडे फुटतात, घट्ट असतांना सुटला तर तें फुगतच नाहीं.

आतां पेटीकडे वळूं. तिच्या आकारमानाच्या शंभर भागांत सुमारें 98 भाग हवा असते, आणि ती बंद कोशांत अडकल्यामुळें हालत नाहीं. स्थिर हवेंतून उष्णता फार मंद जाते. म्हणून गुरांच्या लशीभोंवतालचा बर्फ टिकतो. पण हाच अडथळा उलटहि लागू पडतो. दुपारीं तोडलेलीं फुलें तशींच भरलीं, तर त्यांची ऊब आंतच कोंडते. शिवाय फुलें श्वसन करितात व स्वतःहि उष्णता सोडतात. आम्हीं एकदां असें करून बसलों. झांकण उघडलें तों पाकळ्यांवर पाण्याचे थेंब व कडा काळवंडलेल्या! सकाळीं तोडणी करून, फुलें 2 ते 4 अंशांच्या शीतगृहांत पुरतीं निववून मगच पेटींत भरावीं. झांकण सैल असल्यास चिकटपट्टी लावावी; फटींतून शिरणारी हवा हालती असते.