लूका कोमेरिओ : आद्य इटालियन वृत्तपटकाराची वाटचाल

चित्रपटाच्या इतिहासात कथापटांना जेवढी जागा मिळते, तेवढी वृत्तपटांना मिळत नाही. इटलीच्या संदर्भात या उपेक्षेचे ठळक उदाहरण म्हणून लूका कोमेरिओ (१८७८-१९४०) याचा निर्देश करावा लागतो.

मिलानमध्ये जन्मलेला कोमेरिओ मूळचा छायाचित्रकार. मे १८९८ मध्ये महागाईने त्रस्त झालेले मिलानचे कामगार रस्त्यावर उतरले आणि जनरल बावा बेक्कारिस याच्या सैन्याने त्यांच्यावर बंदुका व तोफा चालविल्या. त्या दिवसांतील रस्ते, अडथळे व सैनिक कोमेरिओने टिपले, तेव्हा त्याचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. पुढे हाच तरुण राजघराण्याचा छायाचित्रकार झाला. ज्या राजसत्तेने या जनरलचा सन्मान केला तिच्याच दरबारी त्याला प्रवेश मिळाला, हा योगायोग नजरेआड करता येत नाही.

चलत्‌चित्रणाकडे वळल्यावर त्याने मिलानमध्ये निर्मितिसंस्था उभारली. १९०८ मध्ये तिचे ‘साफी-कोमेरिओ’ असे रूपांतर झाले आणि १९०९ मध्ये तीच ‘मिलानो फिल्म्स’ बनली. दान्तेवर आधारलेला ‘लिन्फेर्नो’ (१९११) हा गाजलेला कथापट याच संस्थेचा. परंतु तोवर संस्थापकाचे नाव संस्थेच्या नावातून गळाले होते. कोमेरिओचा पिंड घटनास्थळी धाव घेणाऱ्याचा होता. १९११ मध्ये इटलीने लिबियावर स्वारी केली, तेव्हा तो कॅमेरा घेऊन तेथे पोहोचला.

त्याच्या कर्तृत्वाचा कळस मात्र पहिल्या महायुद्धात दिसतो. १९१६ मध्ये आदामेल्लो पर्वतावर, तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, हाताने फिरवावयाचा कॅमेरा व जड तिपाई नेऊन त्याने आल्प्समधील युद्धाचे चित्रण केले. बर्फाच्या शुभ्र विस्तारात मुंगीएवढी दिसणारी माणसांची रांग आजही प्रेक्षकाला अस्वस्थ करते. तथापि हे स्वातंत्र्य लष्कराच्या मर्जीवर अवलंबून होते. सैन्याने स्वतःचा चित्रणविभाग उभारताच स्वतंत्र चित्रकाराची गरज उरली नाही.

युद्धोत्तर काळ त्याला प्रतिकूल ठरला. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या ‘इस्तितुतो लूचे’ या संस्थेच्या रूपाने वृत्तपट शासनाच्या हाती गेला. त्या संस्थेत काम मिळविण्याचा कोमेरिओचा प्रयत्न फसला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने जुन्या फितींतून ‘दाल पोलो आल्लेक्वातोरे’ (ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत) हा संकलित चित्रपट सिद्ध केला. त्यातील सर्वच चित्रण त्याचे नाही. इतरांच्या फितीही त्याने निःसंकोच वापरल्या, ही बाब अभ्यासकांनी ध्यानात ठेवावयास हवी. १९४० मध्ये मिलानजवळील मोम्बेल्लो येथील मनोरुग्णालयात त्याचे निधन झाले.

त्याच्या फितींचा संग्रह येर्वान्त जानिकियान व आन्जेला रिच्ची लुक्की या दांपत्याच्या हाती आला, तेव्हा त्या जीर्ण होत होत्या. त्यांनी एकेक चौकट पुन्हा चित्रित केली, गती मंदावली, रंगछटा दिल्या आणि १९८६ मध्ये त्याच शीर्षकाचा नवा चित्रपट घडविला. कोमेरिओने शिकार, स्वाऱ्या व संचलने पराक्रम म्हणून मांडली होती. मंद गतीत तीच दृश्ये पाहताना शिकाऱ्याऐवजी मरणाऱ्या पशूवर आणि अधिकाऱ्याऐवजी त्याच्यासमोर उभ्या केलेल्या वसाहतीतील माणसांवर नजर खिळते.